टिक, गोळी गिळल्यावर

माझ्या पुतणीला सहाव्या वर्षी ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया निघाला. आधी ताप हटेना, मग पाय दुखू लागले, मग अंगावर निळे डाग आले. आम्ही दिघोरीचे, लाखांदूर तालुक्यातले, धानाच्या मुलखातले. मुंबईच्या दवाखान्यात भाऊ-वहिनी पोरीजवळ बसायचे. फाईल आणि गोळ्यांची वही माझ्याकडे असायची. अडीच वर्षं ती वही सांभाळताना जे उमगत गेलं, ते हे.

१. टक्का विचारताना मला भविष्य हवं होतं. भाऊ बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, "साहेब, किती टक्के चान्स?" डॉक्टर म्हणाले, श्रीमंत देशांत या आजाराची १०० पैकी ९० च्या आसपास मुलं पाच वर्षांनंतरही असतात, मोठ्या माणसांत तो आकडा ४० च्या घरात. वय १ ते १० आणि सुरुवातीला पांढऱ्या पेशी ५०,००० च्या खाली असल्या, तर आशा जास्त. आमची पोर त्यात बसत होती. तरी त्या रात्री धर्मशाळेत मला नव्वद आठवेनात, उरलेली दहाच दिसत राहिली. आकडा तिच्याआधी येऊन गेलेल्या लेकरांचा हिशेब होता; तिचं पान अजून कोरं होतं, हे कळायला फार दिवस लागले.

२. रोग दिसत नाही म्हणजे रोग गेला, असं नसतं. महिन्याभराच्या केमोनंतर हाडातल्या मज्जेच्या तपासणीत रोग दिसेना. १०,००० पेशींत एक रोगट पेशी उरली असली तरी शोधून काढणारी तपासणी असते. तिचाही रिपोर्ट चांगला आला. वहिनीने पेढे वाटले. मग कळलं की औषध अजून दोन वर्षं चालणार, आणि मी चिडलो. भाऊ चिडला नाही. "बांधी एकदा निंदली म्हून का तण सरते?" एवढंच म्हणाला. मी चार बुकं जास्त शिकलो, पण ही गोष्ट त्याला माझ्याआधी समजली.

३. दर शुक्रवारच्या पिवळ्या गोळीमागे १६ मुलं उभी आहेत. गोळी मेथोट्रेक्सेटची. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन दिलेल्या १६ मुलांची हकीकत छापली. ते औषध आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने घडवलेलं. १० मुलांना उतार पडला, पण काही महिन्यांपुरताच. मेथोट्रेक्सेट त्याच औषधाचं भावंड. आपल्याकडे १९८४ पासून मुंबईचं टाटा, दिल्ली आणि चेन्नई इथल्या डॉक्टरांनी एकच उपचारपद्धत धरली. औषधं ओळखीचीच होती; कोणतं, कधी, किती द्यायचं हे एकत्र ठरलं. त्या तीन ठिकाणी निम्म्याच्या आसपास मुलं चार वर्षं रोग न उलटता राहू लागली. हे वाचल्यापासून गोळी हातावर घेतली की मी क्षणभर थांबतो.

४. नशिबाचा एक तुकडा आमच्याच हातात होता, आणि तो मी सांडला. रोवणीचे दिवस. सगळे थकून यायचे. मी रोज रात्री द्यायच्या दुसऱ्या गोळ्यांच्या टिका आठवड्याभराच्या एकदमच करून ठेवल्या. दोन रात्री पोर जेवता जेवता झोपली, गोळ्या डबीतच राहिल्या, वहीत मात्र टिका होत्या. पुढच्या तपासणीला सांगू की नको, असं झालं, शेवटी सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, लपवलं असतं तर मी रक्ताचा काउंट पाहून डोस चुकीचा ठरवला असता. अमेरिकेतल्या अभ्यासात, ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या पोटात गेलेल्या मुलांमध्ये रोग उलटण्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. मी हिशेब केला. महिन्याच्या ३० गोळ्यांतल्या दोन चुकल्या, की आपण त्या रेषेखाली.

५. जगण्याचा बराच भाग औषधाच्या बाहेर असतो. केमोच्या काळात ताप आला तर सकाळची वाट पाहायची नसते, कारण अंगात लढणाऱ्या पेशी फारच कमी उरलेल्या असतात. एका रात्री पोरीला ताप आला आणि शेजाऱ्याने धानाची पोती उतरवून गाडी काढली, तेव्हा औषधाबाहेरचा हा भाग मला समजला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, भंडारा रोडहून विदर्भ एक्स्प्रेस, स्लीपरमध्ये पेशंटला तिकीट माफ, दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा. यातलं एक जरी तुटलं तरी माणूस उपचार अर्ध्यावर सोडून गावी परततो. अशी माणसं मी पाहिली. त्यांचं लेकरांवरचं प्रेम आमच्याहून कमी नव्हतं.

६. एकाच नावाचा आजार प्रत्येकाला वेगळा होतो. धर्मशाळेत शेजारी पस्तिशीतला एक माणूस होता. रोग तोच, पण त्याच्या डॉक्टरांचे शब्द जपून येत. आमच्या पोरीचे रिपोर्ट चांगले आले की मी त्याच्यासमोर गप्प बसायचो. एकदा तोच म्हणाला, "सांगा ना, आनंदाचं आहे." आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून केलेल्या, पेशंटच्याच पेशींना लढायला शिकवणाऱ्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या पेशंटसाठी होती. ती बातमी वाचताना मला त्याचाच चेहरा आठवला.

७. संपतं, पण घंटा वाजून संपत नाही. गोळ्या थांबल्या त्या दिवशी मला आनंदाआधी भीती वाटली. आता रोगाला अडवायला कोण? पहिली दोन-तीन वर्षं जपायची असतात, मग भीती विरळ होते. यंदा पोर बांधीत उतरली, गुडघाभर चिखलात. अडीच वर्षं चिखल बंद होता. वहिनी बांधावर उभी राहिली, हाक मारली नाही.

परवा पलीकडच्या गावचा एक बाप फाईल घेऊन आला. बसायच्या आधीच त्याने विचारलं, "भाऊ, किती टक्के?" मला माहीत असलेले आकडे मी सांगितले. मग दुकानातून दोनशे पानी वही आणून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, रोज रात्री टिक कर. गोळी गिळल्यावर.