जुन्या गाडीचा पट्टा, टेन्शनर आणि स्टिअरिंगचा पंप

आपल्या धंद्यातील बहुतेकांची गाडी ही शौकाची वस्तू नसते. ताग्यांचे गठ्ठे घालून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या खेपा करायच्या, गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला जायचे, सणावाराला घरच्यांना गावी न्यायचे, एवढ्यासाठी ती असते. म्हणून ती जुनी झाली तरी लगेच विकली जात नाही. १९९८ साली आलेली पहिली होंडा सिटी, २००० ची क्वालिस, २००२ ची स्कॉर्पिओ, शिवाय सुमोसारख्या गाड्या अजून कामावर आहेत. त्यांपैकी ज्यांना पॉवर स्टिअरिंग आहे, त्यांचे स्टिअरिंग तेलाच्या दाबाने हलके होते आणि तो दाब इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तयार करतो. आजच्या नव्या मोटारींत हे काम बहुधा विजेच्या मोटरवर होते. त्यामुळे पंपाचे काम जाणणारे जुने उस्ताद कमी होत चालले आहेत, आणि आपली गाडी मात्र त्यांच्याच हातची आहे. या कामाची माहिती मालकालाही असावी आणि ज्या तरुण कारागिराला गॅरेजच्या धंद्यात उतरायचे आहे त्यालाही असावी, म्हणून हा लेख.

लूमच्या कारखान्यात वावरलेल्या माणसाला पट्ट्याची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मोटरवरून लूमला फिरवणारा पट्टा ढिला पडला की तो पुलीवर घसरतो, गती पडते आणि उत्पादन घटते. फार ताणला तर बेअरिंग तापून बसते. दोन पुल्या एका रेषेत नसतील तर पट्टा कडेने खाल्ला जातो. मोटारीत नेमके हेच तीन नियम लागू आहेत. फरक इतकाच की लूम बंद पडली तर त्या दिवसाची मजुरी जाते, आणि घाटात गाडीचा पट्टा तुटला तर जिवाशी गाठ पडते.

ही जोखीम आधी नीट समजून घेऊ. जुन्या गाड्यांत व्ही आकाराचे दोन-तीन वेगवेगळे पट्टे असतात, तर काहींत बारीक खाचांचा एकच लांब पट्टा सगळ्या पुल्यांना वळसे घालत जातो. या पट्ट्यावर अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा पंप आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही चालतो. तो तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो, तापमानाचा काटा वर चढू लागतो आणि स्टिअरिंग दगडासारखे जड होते. चाकांशी जोडणी लोखंडाचीच असल्यामुळे स्टिअरिंग पूर्ण निकामी होत नाही, जोर लावला तर गाडी वळते. परंतु अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो, हे फार थोड्या मालकांना ठाऊक आहे. तिथे पट्टा तुटला की बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक लागतो, मग पायडल कडक होते. मालाने भरलेली गाडी कसारा घाट उतरत असताना स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम जड झाले, तर काय होईल याचा अंदाज प्रत्येकाने करावा. असे झाल्यास खालच्या गिअरमध्ये राहून, पायडल पुन्हा पुन्हा न सोडता एकदाच भरपूर जोराने दाबून, गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. काटा लाल रेघेकडे गेलेला असताना पुढचे गाव गाठू म्हणणे म्हणजे हेड गॅस्केटचा खर्च ओढवून घेणे आहे.

आता रोग ओळखण्याविषयी. आवाज आला की पट्टा बदल, तरी आवाज आहे म्हणून पंप बदल, या पद्धतीने गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि गॅरेजचे नाव खराब होते. सकाळी थंड इंजिन चालू करताना किंवा एसी लावताच कर्कश किंकाळी येत असेल तर पट्टा घसरतो आहे. चिवचिव असा तुटक आवाज बहुतेक वेळा पुल्या एका रेषेत नसल्याचा असतो. दोन्हींतला फरक कळण्यासाठी चालू इंजिनवर, हात दूर ठेवून, पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी शिंपडावे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर दोष रेषेचा आहे, आणि वाढला तर दोष ताणाचा आहे. याउलट स्टिअरिंग फिरवताना घुंई असा आवाज येतो आणि सोडले की कमी होतो, तेव्हा संशय पंपावर घ्यावा. तरीही पंप खोलण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून तेल पाहावे. तेल कमी असेल तर आधी गळती शोधावी. तेलात फेस असेल तर पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा शिरते आहे. होंडाच्या जुन्या गाड्यांत पंपाच्या तोंडाशी असलेली रबराची छोटी ओ-रिंग कडक होऊन हाच आवाज होतो. कित्येक चांगले पंप केवळ या एका रिंगेपायी भंगारात गेले आहेत. तेल काळे असून बोटावर चोळल्यास त्यात चकचकीत भुकटी दिसली, तर मात्र पंप आतून झिजला आहे असे समजावे.

पंपाची रचना सोपी आहे. लंबगोल पोकळीत एक चक्र फिरते, त्याच्या चिरांत पातळ पाती सरकती बसवलेली असतात. फिरण्याच्या वेगाने पाती बाहेर फेकली जाऊन भिंतीला घासत तेल पुढे ढकलतात. तेल हेच त्यांचे वंगण असते. तेल कमी, घाणेरडे किंवा हवायुक्त झाले की पाती आणि भिंत झिजते. स्टिअरिंग एका टोकाला नेऊन तसेच धरून ठेवण्याची सवय असेल तर दाब कमाल होतो आणि तेल भाजते. गल्लीत गाडी लावताना आपल्यातले निम्मे लोक हेच करतात.

प्रत्यक्ष कामाला हात लावण्यापूर्वी कुर्त्याच्या बाह्या वर कराव्यात आणि गळ्यातला रुमाल काढून ठेवावा. किल्ली खिशात असावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी करावी. गरम इंजिनात काही गाड्यांचा विजेचा पंखा किल्ली बंद असतानाही अचानक फिरतो.

पट्टा काढण्यापूर्वी तो कोणत्या पुलीला कसा वळसा घालतो त्याचे चित्र कागदावर काढावे किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा. बॉनेटखाली चिठ्ठी चिकटवलेली असते, पण जुन्या गाडीत ती बहुधा उडालेली असते. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर त्याच्या पुलीच्या बोल्टवर किंवा त्यासाठी ठेवलेल्या चौकोनी खाचेत लांब दांड्याचा पाना लावून तो पट्टा ढिला होईल त्या दिशेला दाबावा, पट्टा एका सपाट पुलीवरून उतरवावा आणि टेन्शनर हळूहळू जागेवर येऊ द्यावा. पाना एकदम सोडला तर बोटे चिरडतात. काही टेन्शनरच्या पुलीचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. दिशा न पाहता जोर केला तर आटे जातात.

पट्टा उतरल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. कोरडी खरखर ऐकू आली किंवा पुली हलली तर बेअरिंग गेले आहे. टेन्शनरचा हात संपूर्ण फिरात एकसारखा चालला पाहिजे. मध्ये अडकत असेल, स्प्रिंग मऊ वाटत असेल, चालू इंजिनवर तो सारखा उड्या मारत असेल किंवा त्याच्या सांध्यातून गंजाची लाल रेघ उतरली असेल, तर तो बदलावा. नुसता पट्टा बदलून जुना टेन्शनर ठेवण्यात बचत नाही. मजुरी दोन्हींची एकच असते, आणि झिजलेला टेन्शनर नवा पट्टा थोड्याच दिवसांत खातो. पट्ट्याबाबत एक जुना समज सोडून द्यावा. पूर्वीच्या रबराला चिरा पडत, त्यावरून वय कळे. आताचे ईपीडीएम रबर सहसा चिरत नाही, त्याच्या खाचा झिजून खोल होतात. म्हणून दिसायला ठीक असलेला पट्टाही संपलेला असू शकतो.

नवा टेन्शनर बसवताना त्याच्या पाठीमागची छोटी खुंटी इंजिनावरील भोकात नेमकी बसली आहे याची खात्री करावी आणि मगच बोल्ट आवळावा. खुंटी भोकाबाहेर राहून बोल्ट कसला तर ॲल्युमिनियमचा भाग तडकतो. ज्या गाड्यांत ताण हाताने द्यायचा असतो, तिथे दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यास पट्टा साधारण १० मिलिमीटर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

पंपासाठी आधी टाकीतले तेल मोठ्या सिरिंजने उपसावे आणि खाली तसराळे ठेवावे. हे तेल रबर आणि रंग दोन्ही खराब करते, म्हणून अल्टरनेटरवर प्लॅस्टिक झाकावे. ओढीचा जाड पाइप क्लिप सोडून निघतो. दाबाच्या पाइपाचा नट सोडताना साधा फिक्स पाना वापरू नये, नटाचे कोपरे गोल होतात. एका बाजूने फट असलेला रिंग पाना यासाठी मिळतो. सुटलेली तोंडे स्वच्छ झाकणाने बंद करावीत, फडक्याचे धागे आत गेले तर व्हॉल्व्हमध्ये अडकतात. बऱ्याच पंपांचे बोल्ट पुलीतल्या भोकांतून गोटी पाना घालून सुटतात.

पुली जर दाबून बसवलेली असेल तर ती काढायला पुलर आणि बसवायला वेगळे अवजार लागते. हातोडीने ठोकणाऱ्या कारागिराच्या हाती पंप देऊ नये. तो ठोका दांड्यावरून थेट आतल्या पात्यांना बसतो आणि नवा पंप पहिल्याच दिवशी गुणगुणू लागतो. जुनी पुली काढण्यापूर्वी ती दांड्याच्या टोकापासून किती आत आहे हे मोजून लिहून ठेवावे. तेवढ्याच खोलीवर ती परत बसली पाहिजे. एक-दोन मिलिमीटरचा फरकही पट्टा कडेने खातो.

नवा पंप की सील किट, याचा विचार हिशेबाने करावा. फक्त दांड्याच्या सीलमधून तेल झिरपत असेल, आवाज नसेल आणि तेल स्वच्छ असेल तर सील किट पुरते. आवाजही आहे आणि तेलात भुकटीही आहे, तर किटवर पैसे घालू नयेत. कुर्ल्याच्या जुन्या मालात पंप घ्यायचा असल्यास दांडा हाताने फिरवून, हलवून पाहावा, तोंडातून काळे तेल येते का बघावे आणि परत घेण्याची बोली आधीच करून ठेवावी. नवा माल घेताना चेसिस नंबर दाखवून पार्ट नंबर जुळवावा. कापडाचा काउंट न विचारता तागा उचलणारा व्यापारी आपण पाहिलेला नाही, पण हेच लोक गाडीचा पार्ट डबीच्या रंगावर घेतात. जुना पार्ट गॅरेजमधून परत मागावा. प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही.

पंप बसवताना दाबाच्या पाइपाच्या वायसर किंवा ओ-रिंग नव्या घालाव्यात. जुना पंप झिजून गेला असेल तर त्याची भुकटी साऱ्या नळ्यांत असते. म्हणून टाकीकडे परतणारा पाइप सोडून बाटलीत घालावा, टाकीचे ते तोंड बंद करावे आणि नवे तेल ओतत, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवत, स्वच्छ तेल येईपर्यंत धुवावे. टाकीच्या तळाला जाळी असते, ती धुवावी किंवा टाकीच बदलावी. तेल पुस्तकात लिहिलेलेच घालावे. टोयोटाच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत डेक्स्रॉन जातीचे एटीएफ चालते. होंडात मात्र होंडाचेच स्टिअरिंग ऑइल लागते, दुसऱ्याने सील खराब होऊ शकतात. ब्रेक ऑइल कधीही घालू नये.

आता हवा काढणे, ज्यात सर्वांत जास्त घाई होते. पुढची चाके जॅकने उचलून घोडीवर ठेवावी. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ ते २० वेळा सावकाश फिरवावे आणि मध्ये मध्ये टाकी भरत राहावी. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करावे आणि पुन्हा काही फेऱ्या द्याव्यात. टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये. तेल दुधाळ दिसले तर इंजिन बंद करून अर्धा तास बसू द्यावे. पट्ट्याची प्रत्येक खाच पुलीच्या प्रत्येक खाचेत आहे हे चारी बाजूंनी पाहावे, एक खाच बाहेर राहिली तर पट्टा पहिल्याच खेपेत फाटतो.

काढलेले तेल गटारात न ओतता जुने तेल नेणाऱ्याला द्यावे. दोन-तीन दिवस गाडी शहरातच चालवून तेलाची पातळी, पाइपांचे सांधे आणि पट्ट्याची कड पुन्हा पाहावी, आणि त्यानंतरच भरलेली गाडी घाटाला लावावी.