परतीचं भाडं आधी विचारा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ट्रकचा धंदा जुना आहे. नारायणगावचा टोमॅटो, आळेफाट्याचा आणि मंचरचा कांदा, विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा ऊस आणि साखर यांवर इथल्या गाड्या चालत आल्या. अलीकडे मात्र शेतीतून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलांच्या तोंडी वेगळाच हिशेब ऐकू येतो. चाकण तासाभरावर आहे, तिथे महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने आहेत, नव्या कार रोज बाहेर पडतात आणि त्या वाहायला ट्रेलर लागतात. मग टोमॅटोच्या कॅरेटमागे कशाला धावायचं? मालवाहतुकीचे हिशेब बरीच वर्षं जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की एक-दोन गाड्यांच्या मालकाने कर्ज काढून कार वाहायचा ट्रेलर घेऊ नये, निदान परतीच्या भाड्याची लेखी सोय झाल्याशिवाय तरी नाही. नुसतं ‘नको’ म्हटलं की तरुण मुलगा ऐकत नाही, आणि त्याने ऐकूही नये. म्हणून कारणं सांगतो.

उघड्या हौद्याची दहा किंवा बारा टायरची गाडी हंगामाप्रमाणे माल बदलते. टोमॅटो संपला की ऊस, ऊस संपला की कांदा, मधल्या काळात खत, सिमेंट, जे मिळेल ते. बंगळुरूला कांदा उतरवलेली गाडी येताना काय आणणार हे मालक दोन-चार फोनवर ठरवतो; भाडं पडेल मिळालं तरी डिझेल सुटतं. कार ट्रेलरचं तसं नाही. दोन मजले, चाकांपुरत्या पट्ट्या, चढउताराचे रॅम्प, अशा सांगाड्यात पोतं ठेवायलासुद्धा जागा नसते. चाकणहून दिल्लीकडे साधारण चौदाशे किलोमीटर भरून जायचं आणि माल मिळाला नाही तर तेवढंच रिकामं यायचं. समजा, किलोमीटरला साठ रुपये भाडं ठरलं. परतीचं अंतर धरलं की ते तीसवर येतं. रिकाम्या गाडीला डिझेल थोडं कमी लागतं, पण डायवरचा भत्ता तोच, टायरची झीज चालूच, आणि टोल तर ॲक्सल मोजून घेतात. आपल्या पुणे-नाशिक रस्त्यावरचे चांडोली आणि चाळकवाडीचे नाकेही गाडी भरलेली आहे का रिकामी हे विचारत नाहीत. शेतमाल बेभरवशाचा, असं यावर कोणी म्हणेल. भाव बेभरवशाचा हे खरं. २०२३ च्या जुलैत नारायणगावात वीस किलोच्या टोमॅटो कॅरेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला, आणि त्याच वर्षी काही महिने आधी राज्यात शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. पण त्या चढउताराचा मोठा फटका शेतकऱ्याला बसतो. माल गाडीत भरला की भाव काहीही असो, ट्रकवाल्याचं भाडं ठरलेलं असतं.

परतीला माल मिळतो, हा सगळ्यात नेहमीचा आक्षेप आणि तो निराधार नाही. गुरुग्राम-मानेसरला तयार झालेल्या कार महाराष्ट्रात विकल्या जातातच, मग चाकणच्या कार उतरवून तिकडच्या भरून आणता येतील. येतात, पण कोणाला? ज्याच्याकडे दोन्ही टोकांच्या कारखान्यांची कंत्राटं आहेत त्याला. कार कंपनी सुट्या ट्रकमालकाशी बोलतच नाही. ती मोठ्या वाहतूकदाराला काम देते आणि आपली गाडी त्या वाहतूकदाराकडे अटॅच होते. परतीचा माल आला की त्याच्या स्वतःच्या गाड्या आधी भरतात, उरलं तर अटॅचवाल्यांना. त्यात त्याचा दोष नाही, त्यालाही हप्ते आहेत. मुद्दा एवढाच की ‘परतीला मिळेल’ हे वाक्य ज्या तोंडून येतं त्याने ते करारात लिहून द्यावं. महिन्याला किमान किती फेऱ्या आणि त्यांतल्या किती दोन्ही बाजूंनी भरलेल्या, हे दोन आकडे कागदावर नसतील तर वर्क ऑर्डर म्हणजे नुसतं दरपत्रक. बँक त्यावर कर्ज देईल, कारण बँकेची वसुली तुमच्या फेऱ्यांवर अवलंबून नसते. तुमची असते.

दराचं कोष्टकही नीट वाचायला हवं. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची भारक्षमता वाढवली, तीन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. साखर, सिमेंट वाहणाऱ्याला एकाच फेऱ्यात जास्त माल नेण्याची मुभा मिळाली. कारवाल्याला काहीच नाही, कारण त्याची गाडी वजनाने भरायच्या आत लांबीने भरते. लांबीला १८.७५ मीटरची मर्यादा आहे आणि कार मात्र वाढत चालल्या आहेत. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांत सुमारे ६५ टक्के एसयूव्ही आणि त्या जातीची वाहनं होती, आणि चाकणला महिंद्राचा भर त्यांच्यावरच आहे. जिथे आठ छोट्या कार बसत तिथे सहा मोठ्या बसतात. दर नगावर असेल तर कारची लांबी वाढल्याची किंमत ट्रेलरवाला मोजतो. म्हणून भाडं फेऱ्याचं किंवा किलोमीटरचं मागावं. आणि जुना ट्रेलर स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून जाणाऱ्याने आधी टेप लावून लांबी मोजावी. मर्यादेबाहेरचा सांगाडा गळ्यात पडला की तो स्वस्तपणा चलनांत फिटतो.

आता कंपनीच्या कामाच्या खात्रीबद्दल. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात कार विकणं थांबवलं आणि फक्त निर्यातीसाठी उत्पादन चालू ठेवलं. बाहेरून पाहणाऱ्याला कारखाना चालूच दिसत होता. ट्रेलरवाल्याच्या दृष्टीने मात्र देशभरच्या डीलरांकडे जाणाऱ्या लांब फेऱ्या तेव्हाच संपल्या. निर्यातीची कार बंदरापर्यंतच जाते. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही थांबलं. पुढे ह्युंदाईने तो कारखाना घेतला आणि तिथून पुन्हा कार बाहेर पडायला २०२५ चा शेवट उजाडला. मधली जवळजवळ पाच वर्षं म्हणजे व्यापारी वाहनाच्या कर्जाची जवळपास पूर्ण मुदत. कामगारांसाठी निदान संघटना होती, कोर्ट होतं. अटॅच गाडीवाल्याच्या नुकसानीची नोंद तरी कुठल्या कागदावर होणार?

हे लहानांचंच होतं असंही नाही. अमेरिकेतली जॅक कूपर ही कार वाहणारी कंपनी १९२८ पासूनची, स्वतःचा मोठा ताफा असलेली. फोर्ड आणि जनरल मोटर्स ही दोन मोठी गिऱ्हाइकं गेली आणि २०२५ च्या सुरुवातीला तिला काम बंद करावं लागलं. सुमारे अडीच हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तिकडचे पगार वेगळे, युनियन वेगळ्या, असं म्हणता येईल आणि ते बरोबरच आहे. पण त्या कंपनीचे ट्रक दुसरं काही वाहू शकत नव्हते, आणि गिऱ्हाइकं मोजकी होती. या दोन गोष्टी चाकणच्या फाटकावर उभ्या असलेल्या एकट्या ट्रेलरलाही लागू पडतात, फक्त त्याच्याकडे वकील नसतात.

रेल्वेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच पुणे-नाशिक मार्गाची आठवण होते, आणि खोडदच्या दुर्बिणीमुळे मूळ आखणी अडल्याचा राग. पण तुमचं भाडं न्यायला रेल्वे नारायणगावात यावी लागत नाही. मारुतीने २०१४-१५ मध्ये आपल्या शंभर कारपैकी पाचेक रेल्वेने पाठवल्या होत्या. २०२४-२५ मध्ये हे प्रमाण चोवीसच्या वर गेलं, म्हणजे वर्षाला पाच लाखांहून जास्त कार. जून २०२५ मध्ये मानेसरच्या कारखान्यातच रेल्वे सायडिंग सुरू झालं. त्याचा चाकणशी काय संबंध, असं विचारणाऱ्याने उत्तरेतल्या मोठ्या ताफ्यांचा विचार करावा. त्यांच्या लांब फेऱ्या रुळांवर गेल्या की ते ट्रेलर कुठे काम शोधणार? चाकणसारख्या ठिकाणीच. शेवटच्या टप्प्याला, रेल्वे यार्डापासून डीलरपर्यंत, रस्ता लागणारच, हेही खरं. पण ते काम दोनशे-तीनशे किलोमीटरचं. त्याला लहान गाडी पुरते, आणि महिन्याचे किलोमीटर घटले तरी मोठ्या ट्रेलरचा हप्ता घटत नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे, तो लपवत नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि २२ सप्टेंबरला नवे दर आले. मधल्या पाच आठवड्यांत गिऱ्हाइकं थांबली, कारखान्यांनी माल पाठवणं आवरलं. नंतर दसरा-दिवाळीची झुंबड उडाली तेव्हा कार वाहायला ट्रेलर कमी पडल्याच्या बातम्या आल्या. मग तुटवडा असताना ट्रेलर घेणं शहाणपणाचं नाही का? तुटवडा महिना-दीड महिन्याचा होता, तोही पाच आठवडे गाड्या उभ्या राहिल्यानंतरचा. शिवाय कंपनीचे दर वर्षभरासाठी ठरलेले असतात. झुंबडीत वरचा पैसा मिळालाच तर तो ज्याच्या नावावर कंत्राट आहे त्याच्या हातात आधी जातो.

तरीही कोणाला यात पडायचंच असेल तर पैशाच्या वाटेचा विचार फेऱ्याच्या वाटेआधी करावा. ॲडव्हान्समध्ये डिझेल निघतं, बॅलन्स पोच सही होऊन परत गेल्यावर, आणि त्यातून ओरखडा, पोचा, तुटलेला आरसा यांची कपात. कारचा ओरखडा कारखान्याच्या यार्डात पडला का वाटेत, हे ठरवायला भरतानाचे फोटो लागतात. डायवरला प्रत्येक कारचे चारही बाजूंनी तारखेसकट फोटो काढायची सवय लावावी. ट्रकच्या विम्यात वरच्या मालाचं नुकसान येत नाही, त्यामुळे मालाचा विमा कोणाचा आणि कपातीची कमाल मर्यादा किती, हे आधी विचारावं. डिझेल वाढलं तर दर किती वाढणार आणि गाडी भरण्यासाठी खोळंबली तर दिवसाला काय, हेही. चाकणची कोंडी आणि गर्दीच्या वेळची अवजड वाहनांची बंदी पाहता हा खोळंबा नेहमीचाच धरावा. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून घ्यावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार असला तरी ४५ दिवसांत चुकतं करावं असा २००६ चा कायदा आहे, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. तक्रार केली की काम जातं, असं सगळे म्हणतात. जातंही. पण नोंदणीचा क्रमांक बिलावर छापलेला असला की मार्चमध्ये समोरच्याचा सीए स्वतःच तुमची थकबाकी विचारतो, भांडणाशिवाय. आणि एक गोष्ट काही झालं तरी करू नये: गाडीच्या कर्जासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवू नये. कर्जाला गाडी तारण असतेच. गाडीशिवाय जमीनही मागणाऱ्याला तुमच्या धंद्याचा भरवसा किती आहे, ते त्या मागणीतच दिसतं.

चाकण जवळ असण्याचा फायदा घ्यायचाच तर मला बंद कंटेनर बॉडीची गाडी जास्त पटते. महिंद्राचा कारखाना नाशिकलाही आहे, सुटे भाग बनवणारे दोन्हीकडे आहेत, आणि त्यांच्यामधला रस्ता मंचर-नारायणगावच्या अंगणातून जातो. भाडं कारपेक्षा कमी बसेल, पण फेरा दिवसा-दीड दिवसाचा, दोन्ही टोकांना मालाची शक्यता, आणि भाग नसतील त्या दिवशी औषधं, किराणा, काहीही चालतं. ज्यांनी कार ट्रेलर आधीच घेतला आहे त्यांनी आपलं वाहन कोणत्या प्रकारचं आहे ते पाहावं. ओढणारा घोडा आणि मागचा ट्रेलर वेगळे असतील तर दोघांची नोंदणी वेगळी असते; ट्रेलर विकून त्याच घोड्याला कंटेनरचा ट्रेलर लावता येतो. ट्रकच्या चासीवरच कारचा सांगाडा उभा केला असेल तर बॉडी बदलायला आरटीओची मंजुरी लागते, फायनान्सवाल्याचं ना-हरकत पत्र लागतं आणि गाडी तितके दिवस उभी राहते. तेव्हा हे काम हप्ता थकल्यावर काढू नका. कंत्राटाचं नूतनीकरण दोन-तीन महिन्यांवर आलं की आरटीओत आणि फायनान्सवाल्याकडे चौकशी करून ठेवा.