मुळांचे रखवालदार



आपल्या इंद्रवेल्लीच्या काळ्या रानात कपाशीच्या ओळींमधून तुरीचे तास असतात. पीक फुलावर आले असता एखादे झाड अकस्मात मान टाकते व वाळते; मागोमाग शेजारची झाडेही त्याच वाटेने जातात. घरची वर्षाची डाळ अशी उभ्या रानात जाते. वाळलेल्या झाडाचे खोड उभे चिरून पाहा. आत काळसर रेषा दिसतील. हा ‘मर’ रोग होय. फ्युजेरिअम नावाची बुरशी मातीतून मुळांत शिरते व पाणी वर नेणाऱ्या नलिका बुजविते. मग ओल असूनही झाड तहानेने मरते.

परंतु सर्वच बुरशी शत्रू नव्हेत. ट्रायकोडर्मा ही हिरवट बुरशी मातीतच राहते. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढून त्यांचा नाश करते, हे वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखविले. शिवाय ती झपाट्याने वाढून मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच व्यापते.

या ‘आधी’लाच खरे महत्त्व आहे. इंग्लंडात पाइन वृक्ष तोडला, की त्याच्या ताज्या बुंध्यावर मूळकुजीच्या बुरशीचे बीजाणू वाऱ्याने येऊन पडत आणि मुळांमुळांतून रोग उभ्या झाडांत पसरे. केंब्रिजच्या रिशबेथ यांनी तोडल्याबरोबर बुंध्यावर दुसऱ्या, निरुपद्रवी बुरशीचे बीजाणू लावले. तिने लाकूड आधी व्यापले आणि शत्रूचा शिरकाव रोखला. हे संशोधन १९६३ साली प्रसिद्ध झाले.

तुरीलाही हाच न्याय लागू आहे. पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास ट्रायकोडर्माची ४ ते १० ग्रॅम भुकटी चोळावी, बी सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. भुकटी जिवंत असते. म्हणून ती उन्हात ठेवू नये, मुदत उलटलेली घेऊ नये, रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नये. बियाण्यास आधीच रंगीत औषध लावलेले असेल, तर कृषी अधिकाऱ्यांना विचारावे. झाड सुकल्यावर केलेला उपाय म्हणजे वरातीमागून घोडे! रोग वारंवार येणाऱ्या रानात पिकाची फेरपालट व ‘आशा’सारखे रोगप्रतिकारक वाणही हवेच.

येत्या मृगात घरी बियाण्याची पिशवी सुटेल, तेव्हा हे काम वडिलांकडून मागून घ्या. काही तास प्रक्रिया केलेल्या बियाण्याचे व तितकेच साधे ठेवा, आणि हिवाळ्यात दोहोंतील वाळलेली झाडे मोजा. पुस्तकातील धडा खरा की खोटा, ते तुमचे रानच सांगेल.