प्रवेशाचा सल्ला विकत घ्यावा का?

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : नीतिसूत्रे १५:२२, निर्गम १८:१३-२३, लूक १४:२८-३०



बारावीचा निकाल जवळ आला की आपल्या साहाय्यक मंडळ्यांकडून एक विचारणा हमखास येते. मंडळीने एखाद्या आदिवासी मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी दानार्पण गोळा केलेले असते. मग मुलाचे वडील सांगतात, शहरातल्या एका प्रवेश सल्लागाराला अमुक हजार रुपये भरले तर चांगले कॉलेज मिळवून देतो म्हणाला आहे. हे पैसे द्यावेत का?

प्रश्न साधा नाही. एकीकडे मुलाचे भवितव्य आहे, दुसरीकडे विधवेच्या दमडीसारखे जमवलेले पैसे आहेत. नंदुरबार, पालघर किंवा गडचिरोलीच्या पाड्यावरच्या कुटुंबात कॉलेजात जाणारे ते पहिलेच मूल असते. त्याला सांगणारे घरात कोणी नसते. म्हणून सल्ल्याची गरज खरी आहे. तो विकत घेण्याची गरज आहे का, एवढेच आपण या पाठात तपासू.

१. वचनाचा प्रकाश

मसलत न घेता आखलेले बेत फसतात, असे नीतिसूत्रांचा लेखक सांगतो. म्हणजे सल्ला घेणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. निर्गमाच्या १८ व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की हे काम वाटून दे. कोणाला द्यायचे याची कसोटीही तो सांगतो : माणसे कर्तबगार, देवाचे भय बाळगणारी, विश्वासू आणि अन्यायाच्या लाभाचा तिटकारा असणारी हवीत. सल्लागार निवडण्यासाठी याहून चांगली यादी मिळणार नाही. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतो. शिष्यत्वाची किंमत समजावताना तो म्हणतो की शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आपणही तसा हिशेब करू.

२. एक शब्द, दोन अर्थ

घोटाळ्याची सुरुवात शब्दापासून होते. वैद्यकीय प्रवेशाच्या सरकारी प्रक्रियेलाच ‘काउन्सेलिंग’ म्हणतात. नीट परीक्षेनंतर शासकीय महाविद्यालयांतील अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांची फेरी केंद्राची समिती घेते, आणि उरलेल्या ८५ टक्के जागांची फेरी आपल्या राज्याचा सीईटी कक्ष घेतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी यांसारख्या अभ्यासक्रमांची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे ‘कॅप’, हीसुद्धा सीईटी कक्षच घेतो.

खाजगी सल्लागारही आपल्या धंद्याला ‘काउन्सेलिंग’च म्हणतो. पाड्यावरच्या पालकाला वाटते की त्याला पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आपण पहिल्यांदा हे सांगावे : सरकारी काउन्सेलिंगसाठी नोंदणी करावीच लागते, खाजगी काउन्सेलिंग पूर्णपणे ऐच्छिक आहे. कॅपमधली जागा गुणवत्ता यादी, प्रवर्ग आणि विद्यार्थ्याने भरलेला पसंतीक्रम यांवरून संगणक देतो. कोणताही सल्लागार त्या यादीतला क्रमांक वर सरकवू शकत नाही. म्हणून जो ‘हमखास सीट’ म्हणतो, तो एक तर न घडणारी गोष्ट विकत असतो किंवा मॅनेजमेंट कोट्यातील जागेकडे नेत असतो.

३. सल्लागार नेमके काय विकतो?

पुष्कळ सल्लागारांच्या पॅकेजमध्ये चार गोष्टी असतात.

अर्ज भरून देणे. हे काम कॅपच्या सुविधा केंद्रावर विचारून करता येते. तिथे कागदपत्रांची तपासणी होते आणि अर्जातल्या चुकाही दाखवल्या जातात.

मागील वर्षांचे कट-ऑफ. ते सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॉलेज, शाखा व प्रवर्गनिहाय मोफत असतात.

कॉलेजची फी सांगणे. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ती जाहीर असते.

पसंतीक्रम लावून देणे. इथे मात्र समज लागते. चुकीचा क्रम महागात पडतो, म्हणून हा मुद्दा नीट समजून घेऊ.

समजा एका मुलीला सर्वांत आधी पुण्याचे सीओईपी हवे आहे, मग जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, मग घराजवळचे एखादे खाजगी कॉलेज. संगणक तिचा क्रमांक आला की तिच्या यादीतला पहिला पर्याय तपासतो. तिथे जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा. वरच्या ठिकाणी मोठे कॉलेज लिहिले म्हणून खालची संधी जात नाही. तरीही काही सल्लागार ‘सुरक्षित’ म्हणून घराजवळचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकायला सांगतात. ते लगेच मिळते. अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती तिथेच गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. मुलीचे गुण जळगावला पुरेसे होते, तरी ती संधी तिने स्वतःच्या हाताने बंद केलेली असते. नियम एकच : मनापासून ज्या क्रमाने कॉलेज हवे त्याच क्रमाने लिहावे, आणि शेवटी नक्की मिळेल अशी दोन-चार नावे ठेवावीत.

४. आदिवासी मुलाचा प्रवेश कुठे अडतो?

आमचा अनुभव सांगतो की मुले कट-ऑफमुळे जितकी अडत नाहीत तितकी कागदांमुळे अडतात.

पहिला कागद जमात वैधता प्रमाणपत्राचा, ज्याला सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. राज्यात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के आणि केंद्राच्या संस्थांत ७.५ टक्के जागा राखीव आहेत. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही. तपासणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. समिती वडील, आजोबा आणि इतर रक्तनातेवाइकांच्या जुन्या शालेय व महसुली नोंदी पाहते. १९५० पूर्वीची नोंद मिळाली तर फार मोलाची ठरते. याला महिने लागतात. म्हणून अर्ज अकरावीतच करायला हवा. जूनमध्ये भेटलेला सल्लागार कितीही हुशार असला तरी हा उशीर भरून काढू शकत नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्या मंडळ्यांसाठी. ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांना काही लोक भीती घालतात की, तुम्ही ख्रिस्ती आहात, तुम्हाला एसटीचा लाभ मिळत नाही, तेव्हा पैसे भरून दुसऱ्या कोट्यातून जा. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या आदेशात तशी अट नाही. या दोन आदेशांची गल्लत करून पालकांना घाबरवले जाते. अर्जात धर्म लपवू नये आणि घाबरून जमातीचा दावाही सोडू नये. अडचण येते ती शाळेच्या नोंदीत जमातीच्या रकान्यात नुसते ‘ख्रिस्ती’ लिहिलेले असते तेव्हा. धर्म ख्रिस्ती; जमात मावची, भिल्ल, कोकणा, वारली जी असेल ती. लेकराचे नाव पहिलीत घालतानाच हे बरोबर लिहून घ्यावे. तसेच अनुसूचित जमातीला नॉन-क्रीमी लेयर दाखल्याची अट नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्ती. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. ‘मी सीट लावून देतो’ या वाक्याची खरी किंमत इथे कळते. सल्लागाराची फी एकदाच जाते, पण शिष्यवृत्ती गमावली तर पूर्ण अभ्यासक्रमाची फी घरावर पडते. मग जमीन गहाण पडते, किंवा मूल दुसऱ्या वर्षी परत येते. बुरूज अर्धाच राहतो.

राहण्या-जेवणासाठी आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. दोन्हींची चौकशी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. खाते आधारशी जोडलेले असले पाहिजे.

५. मग पैसे देणे कधी योग्य?

सर्वच सल्लागार लबाड नाहीत. काही जण मेहनतीने, माफक फी घेऊन काम करतात. एखाद्या मुलाला नीटमध्ये चांगले गुण आहेत, अखिल भारतीय कोटा आणि राज्य कोटा अशा दोन्ही फेऱ्या एकाच वेळी चालल्या आहेत, तारखा एकमेकींत अडकल्या आहेत आणि आसपास जाणकार कोणी नाही, अशा वेळी जाणकाराच्या दोन-तीन बैठकींचे पैसे देणे वाजवी आहे. जागा सोडली तर अनामत रक्कम जाते का, पुढच्या फेरीत बसता येते का, हे तिथे नेमके कळावे लागते. साध्या पदवीसाठी, पॉलिटेक्निकसाठी किंवा एकाच राज्याच्या कॅपसाठी मात्र मोठे पॅकेज घेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

पैसे देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा :

एक, तुम्हाला कॉलेजकडून कमिशन मिळते का? मिळत असेल तर त्याचा सल्ला मुलासाठी नाही, कॉलेजसाठी आहे. इथ्रोची कसोटी इथेच लागते.

दोन, फी ठरावीक आहे का, आणि पावती मिळेल का? ‘सीट लागल्यावर द्या’ हा सौदा टाळावा. डोनेशन मागितले तर तिथेच थांबावे. कॅपिटेशन फी घेण्यास राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे.

तीन, अर्जावर मोबाइल क्रमांक कोणाचा राहील? तो विद्यार्थ्याचा किंवा पालकाचाच हवा. ओटीपी आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हातात गेला की पसंतीक्रमही त्याच्या हातात जातो.

चार, मूळ कागदपत्रे कोणाकडे राहतील? तपासणीनंतर ती घरी आली पाहिजेत. यूजीसीने २०१८ मध्ये उच्च शिक्षण संस्थांनाही मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे. मग मध्यस्थाकडे ती कशाला?

पाच, कॉलेजची मान्यता आम्हाला दाखवाल का? अभियांत्रिकीसाठी एआयसीटीई, नर्सिंगसाठी नर्सिंग परिषद, विद्यापीठासाठी यूजीसी. परराज्यातील नर्सिंग कॉलेजात मुलींना पाठवणाऱ्या मध्यस्थांना हा प्रश्न जरूर विचारा. मान्यतेची खात्री स्वतः संबंधित परिषदेकडे करा आणि शिष्यवृत्ती लागू होते का हे प्रकल्प कार्यालयात विचारा. मगच मुलीला गाडीत बसवा.

६. मंडळीने काय करावे?

इथ्रोने मोशेला बाहेरून माणसे भाड्याने आणायला सांगितले नाही. लोकांतूनच निवड, असे सांगितले. आपल्या शहरातील मंडळ्यांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेत आणि तहसील कार्यालयात काम करणारे आहेत, नुकतेच इंजिनिअर झालेले तरुण आहेत. प्रत्येक मंडळीने अशा दोघांना या कामासाठी नेमावे. त्यांनी सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका एकदा पूर्ण वाचावी आणि हे वेळापत्रक धरावे :

अकरावीत : जातीचा दाखला, जुन्या नोंदी आणि व्हॅलिडिटीचा अर्ज.
बारावीच्या हिवाळ्यात : सीईटी व नीटचे अर्ज, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला, बँक खाते.
निकालानंतर : सुविधा केंद्र, पसंतीक्रम, वसतिगृहाचा व शिष्यवृत्तीचा अर्ज.

ज्यांच्या ताब्यात जुन्या मिशन शाळांची रजिस्टरे आहेत त्यांनी ती वाळवीपासून वाचवावीत. त्या पिवळ्या पानांवरची आजोबांच्या नावाची एक ओळ नातवाची वैधता सिद्ध करू शकते.

आणि दानार्पणाचे काय? ते सल्लागाराच्या पॅकेजऐवजी जिथे सरकारी मदत पोहोचायला उशीर होतो तिथे वापरावे : तपासणी समितीकडे जाण्या-येण्याचे भाडे, अर्जांचे शुल्क, पहिल्या दोन महिन्यांची खानावळ, पुस्तके. शिष्यवृत्ती हाती येईपर्यंतचे ते दिवस निभावले नाहीत म्हणून मुले घरी परततात. तिथे दिलेले थोडे पैसेही मुलाला कॉलेजात टिकवून ठेवतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. इथ्रोने सांगितलेले चार गुण आपल्या मंडळीत कोणामध्ये दिसतात? त्यांना हे काम द्यायला आपण तयार आहोत का?
२. फुकट मिळणारा सल्ला हलका आणि पैसे देऊन घेतलेला भारी, असे आपल्याला का वाटते?
३. आपल्या मंडळीने साहाय्य केलेल्या मुलांपैकी या वर्षी अकरावीत कोण आहे? त्याच्या व्हॅलिडिटीचा अर्ज झाला आहे का?

प्रार्थनेचे विषय

दहावी-बारावीच्या आपल्या सर्व मुलामुलींसाठी. दाखल्यांसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या पालकांच्या धीरासाठी. तपासणी समित्या आणि प्रकल्प कार्यालयांत न्यायाने काम करणाऱ्यांसाठी. आणि आपल्यातून असे सेवक उभे राहावेत म्हणून, जे आपली विद्या गरिबाला विनामोबदला देतील.