एक प्रिंटर, चार टेबले : कार्यालयातील सामाईक छपाईची व्यवस्था

गोंदिया जिल्हा म्हटला की धान आणि राईस मिल डोळ्यांपुढे येतात. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर आहे. त्यामुळे इथला तांदूळ दूरवर जातो. पणन महासंघ व आदिवासी विकास महामंडळ यांनी खरेदी केलेल्या धानाची भरडाईही इथल्या मिलमध्ये होते. गाडी आत आली की काटापावती, बाहेर निघाली की गेटपास, बिल आणि बिल्टी. धंदा धानाचा असला तरी त्याचा प्रत्येक टप्पा कागदावरच पुरा होतो.

म्हणूनच मिलच्या कार्यालयात आता तीन-चार संगणक दिसतात. एक धर्मकाट्यावर, एक मुनीमजींकडे, एक हिशेबनिसाकडे आणि एक मालकाच्या टेबलावर. प्रिंटर मात्र बहुधा एकच असतो आणि तो मुनीमजींच्या संगणकाला जोडलेला असतो. समजा, शुक्रवारी मुनीमजी संगणक बंद करून जुम्याच्या नमाजला गेले आणि तेवढ्यात भरलेला ट्रक फाटकाशी आला. बिल छापता येत नाही, ड्रायव्हर खोळंबतो, हमाल बसून राहतात. मग कोणी पेन ड्राईव्ह घेऊन बाजारात धावतो, तर कोणी प्रत्येक टेबलासाठी वेगळा प्रिंटर घ्यायला निघतो. हा खर्च टाळता येतो. प्रिंटर कोणा एकाच्या संगणकावर अवलंबून ठेवू नये, त्याला स्वतःचा कायम पत्ता द्यावा, हे या पाठाचे सार आहे.

पद्धत पहिली : संगणकामार्फत वाटणी

प्रिंटरला फक्त यूएसबी वायर जोडता येत असेल तर ही पद्धत वापरावी. ज्या संगणकाला प्रिंटर जोडला आहे त्यावर पुढील कामे करा.

1. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवा आणि फाईल व प्रिंटर शेअरिंग चालू करा.
2. प्रिंटर प्रॉपर्टीजमधील ‘शेअरिंग’ या भागात प्रिंटर वाटणीस खुला करा. त्याला लहान, एकसंध नाव द्या. नावात रिकामी जागा सोडू नका.
3. संगणक आपोआप झोपी जाणार नाही अशी पॉवर सेटिंग करा.

आता दुसऱ्या टेबलावरील संगणकात ‘प्रिंटर जोडा’ निवडा. नावाच्या रकान्यात दोन उलट्या तिरप्या रेघा, पहिल्या संगणकाचे नाव, पुन्हा एक उलटी तिरपी रेघ आणि प्रिंटरचे नाव लिहा. पासवर्ड विचारला तर तो पहिल्या संगणकावरील खात्याचा द्यायचा असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. 2021 साली विंडोजच्या छपाई व्यवस्थेत सुरक्षेची मोठी त्रुटी आढळली. तेव्हापासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. म्हणून जोडणी त्याच खात्यातून करावी.

या पद्धतीतला दोष उघड आहे. पहिला संगणक बंद झाला की सर्वांची छपाई बंद पडते.

पद्धत दुसरी : प्रिंटरला स्वतःचा पत्ता

नवीन प्रिंटर घेताना त्याला नेटवर्क वायरची खाच, म्हणजे लॅन पोर्ट, आहे का ते विचारावे. थोडे जास्त पैसे गेले तरी ते वसूल होतात. अशा प्रिंटरची वायर थेट राऊटरला किंवा स्विचला जोडायची. एका वायरची लांबी 100 मीटरपेक्षा जास्त असू नये. काटा त्याहून लांब असेल तर मध्ये स्विच बसवावा.

मग प्रिंटरच्या मेनूतून माहितीचे पान छापून घ्या. त्यावर 192.168.1.50 असा चार आकड्यांचा पत्ता दिसेल. राऊटर हे पत्ते तात्पुरते वाटतो. वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि काल चालणारा प्रिंटर आज सापडत नाही. म्हणून राऊटरमध्ये तो पत्ता त्या प्रिंटरसाठी राखून ठेवा. त्यानंतर प्रत्येक संगणकावर ‘आयपी पत्त्याने प्रिंटर जोडा’ निवडून तोच पत्ता लिहा आणि कंपनीचा ड्रायव्हर बसवा. आता कोणताही संगणक बंद असला तरी बाकीच्यांचे काम अडत नाही.

तीन प्रतींचा प्रश्न

18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या बंद व लेबल लावलेल्या तांदळाच्या पिशवीवर वस्तू व सेवा कर लागू झाला. ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू नाही त्यांना करपात्र मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढाव्या लागतात : खरेदीदाराची, वाहतूकदाराची आणि आपली स्वतःची. लेझर प्रिंटरवर तीन वेळा छापावे लागते. डॉट मॅट्रिक्सवर कार्बनच्या कागदाने तिन्ही प्रती एकदम निघतात. त्यामुळे जुना डॉट मॅट्रिक्स भंगारात काढण्याची घाई करू नये. प्रिंट सर्व्हर नावाची लहान पेटी जोडली की तोही नेटवर्कवर येऊ शकतो. मात्र पेटी आपल्या प्रिंटरला चालते का, हे आधी पाहून घ्यावे.

छपाई अडली तर

आधी प्रिंटर चालू आहे का, कागद आहे का, वायर सैल नाही ना, ते पाहा. नंतर संगणकाचा पत्ता तपासा. तो 169.254 ने सुरू होत असेल तर संगणकाला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. दोष प्रिंटरचा नसून जोडणीचा आहे. लहान कार्यालयात पत्त्याचे पहिले तीन आकडे सर्व यंत्रांवर सारखे असावेत. हे ठीक असेल तर रांगेत अडकलेली कामे रद्द करा आणि ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा पुन्हा सुरू करा.

विजेबाबतही एक सूचना. राऊटर व स्विच यूपीएसवर ठेवा. लेझर प्रिंटर मात्र लहान यूपीएसला लावू नका. कागदावर शाई पक्की करण्यासाठी तो तापतो तेव्हा एकदम जास्त वीज खेचतो.

अमानतीची जबाबदारी

सामाईक प्रिंटरवर पगारपत्रक, बँकेची कागदे, दुसऱ्याच्या मालाचा हिशेब असे सर्व काही निघते. ट्रेमध्ये पडलेला कागद ही अमानत आहे. आपला कागद लगेच उचलावा, दुसऱ्याचा वाचू नये. सोय असेल तर प्रिंटरवर पिन दाबल्यावरच छपाई होईल अशी व्यवस्था करावी. पाहुण्यांना व ड्रायव्हरांना वाय-फाय द्यायचे असेल तर ते वेगळे ठेवावे.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकराच्या 282व्या आयतीत आहे. बिल वेळेवर आणि स्वच्छ छापून हातात देणे हा त्याच शिस्तीचा भाग समजावा. संगणक शिकलेल्या तरुणांनी आपल्या भागातील दुकाने, मिल व वाहतूक कार्यालये यांची ही जोडणी करून देण्याचे काम हाती घ्यावे. भांडवल थोडे लागते आणि मेहनतीला हलाल मोबदला मिळतो. काम संपल्यावर प्रिंटरचा पत्ता जाड अक्षरांत लिहून त्यावर चिकटवायला मात्र विसरू नये. पुढच्या वेळी तोच कागद निम्मे काम वाचवील.