'शकलो' आणि 'कुड' : इंग्रजी व्याकरणातील एक पाठ

माजी विद्यार्थी नोकरीचे अर्ज किंवा शिष्यवृत्तीची निवेदने तपासून घेण्यासाठी आणतात, तेव्हा त्यांत एक वाक्य हमखास आढळते : 'आय कुड कम्प्लीट माय ग्रॅज्युएशन.' लिहिणारीच्या मनात मराठी वाक्य असते, 'बिकट परिस्थितीतही मी पदवी पूर्ण करू शकले.' मराठीत ते निर्दोष आहे. पदवी हाती आली, हे त्यातून निःसंशय कळते. इंग्रजी वाक्य मात्र तेवढे सांगत नाही. इंग्रजीत मुरलेला वाचक तेथे क्षणभर थबकतो. पदवी पूर्ण झाली, की पूर्ण करण्याची केवळ क्षमता होती, की संधी मिळाल्यास पुढे पूर्ण होईल? वसतिगृहाच्या दिव्याखाली काढलेली वर्षे एका साहाय्यक क्रियापदामुळे अशी संशयात पडतात. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच पदवी आली, त्यांच्या बाबतीत ही चूक विशेष महाग पडते, म्हणून हा पाठ.

आरंभ 'कॅन'पासून करू. शक्यता सांगण्यासाठी मराठीजवळ एकाहून अधिक वाटा आहेत. शिकून मिळविलेल्या कौशल्यासाठी आपण 'येणे' वापरतो : मला पोहता येते. अंगातील बळासाठी शक्य क्रियापद आहे : आजारातून उठलेल्या मुलाला आता चालवते. आणि सर्वसाधारण सामर्थ्यासाठी 'शकणे' आहे : ती उद्या येऊ शकते. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकटा 'कॅन' उभा राहतो. मुळात या शब्दाचा अर्थ 'जाणणे' असा होता. त्यामुळे 'मला इंग्रजी येते' या आपल्या वाक्याशी त्याचे नाते 'शकणे'पेक्षाही जवळचे वाटते. त्याचे भूतकाळी रूप 'कुड'. त्याच्या स्पेलिंगमधील 'एल' हे अक्षर उच्चारात नाही, आणि मुळातही नव्हते. 'शुड' आणि 'वुड' यांच्या स्पेलिंगकडे पाहून ते पुढे त्यात शिरले. मुलांना हे सांगितले, की स्पेलिंगचा राग थोडा निवळतो.

'कॅन'च्या नेहमीच्या चुका थोडक्यात सांगतो. 'ही कॅन्स' होत नाही. 'कॅन टू गो' होत नाही. 'कॅन एबल टू' म्हणजे एकाच अर्थाची दोन जोडे एकावर एक घालणे. 'विल कॅन'ही चालत नाही, भविष्यकाळासाठी 'विल बी एबल टू' म्हणावे. येथे एक उलट तक्रारही नोंदवावीशी वाटते. 'मी आत येऊ का?' या सुंदर मराठी प्रश्नाऐवजी हल्लीची मुले 'मी आत येऊ शकतो का?' असे विचारतात. परवानगी मागताना मराठीला 'शकणे' लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. भूतकाळात मराठी 'शकणे' दोन निराळी रूपे घेते. 'मी पाचव्या वर्षी विहिरीत पोहू शकत होतो' किंवा 'शकत असे' या वाक्यात अंगी असलेली क्षमता आहे. त्या विशिष्ट दिवशी पोहलो की नाही, हे त्यात सांगितलेले नाही. 'त्या दिवशी मी पोहून पलीकडे जाऊ शकलो' या वाक्यात मात्र कृती घडून गेली आहे. मराठी क्रियापद स्वतःच हा भेद दाखविते. इंग्रजी 'कुड' तो दाखवीत नाही, कारण 'कुड'च्या वाट्याला फक्त पहिला अर्थ आलेला आहे. 'शकत होतो' म्हणजे 'कुड'. एखाद्या प्रसंगी घडून गेलेल्या 'शकलो'साठी 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' म्हणावे, अथवा सरळ साधा भूतकाळ वापरावा.

हा भेद केवळ व्याकरणाच्या पुस्तकातला नाही. महाडचे चवदार तळे आठवावे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. त्यानंतरची स्थिती इंग्रजीत सांगायची, तर 'अंडर द रूल, दे कुड टेक वॉटर फ्रॉम द टँक' हे वाक्य अचूक आहे. नियमाने मुभा होती, परंतु ओंजळ भरली गेली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो स्त्री-पुरुष तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. या दिवसाविषयी 'दे कुड ड्रिंक' असे लिहिणे म्हणजे इतिहास पुन्हा १९२४ सालच्या ठरावापाशी नेऊन ठेवणे. येथे 'दे ड्रँक' हेच क्रियापद हवे. वर्गात हे उदाहरण दिल्यावर नियम पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

नकारात मात्र अडचण उरत नाही. 'मी येऊ शकलो नाही' याचे 'आय कुड नॉट कम' हे भाषांतर बिनधास्त करावे, कारण कृती घडलीच नाही. पाहणे, ऐकणे, वास येणे, समजणे, आठवणे या क्रियापदांनाही सवलत आहे. 'आम्हांला दुरून वंदनेचे स्वर ऐकू आले' यासाठी 'वुई कुड हिअर' शुद्धच आहे. 'कुड यू हेल्प मी?' हा नुसता विनंतीचा नम्र प्रकार आहे, त्यात भूतकाळ शोधू नये.

पुन्हा अर्जाकडे वळतो. आपल्याकडे 'शकलो' या शब्दात कृतज्ञता मिसळलेली असते. सत्काराला उत्तर देताना 'तुमच्यामुळेच मी येथवर येऊ शकलो' असे म्हणणारा माजी विद्यार्थी यश एकट्याच्या नावावर घेत नाही. ही विनम्रता इंग्रजीत आणताना तो 'कुड'चा आधार घेतो आणि घसरतो. माझा सल्ला असा, की इंग्रजीत ऋण वेगळ्या शब्दांत मानावे आणि क्रियापद ठाम ठेवावे. 'विथ द सपोर्ट ऑफ माय स्कूल अँड माय मदर, आय कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१९.' यात आईचे ऋणही आले आणि पदवीही निश्चित झाली. ज्यांना परिश्रमाचा उल्लेख हवा आहे, त्यांनी 'आय मॅनेज्ड टू कम्प्लीट' लिहावे, त्यात धडपडीची छटा आपोआप येते.

घरी पालकांसह करून पाहण्यासाठी चार वाक्ये देतो. 'आई लहानपणी दोन हंडे घेऊन टेकडी चढू शकत असे.' 'काल आम्ही शेवटची एस.टी. पकडू शकलो.' 'पावसामुळे बाबा सभेला येऊ शकले नाहीत.' 'तू मला आधी सांगू शकली असतीस.' पहिल्यात 'कुड क्लाइम्ब'. दुसऱ्यात 'वेअर एबल टू कॅच' किंवा नुसते 'कॉट'. तिसऱ्यात 'कुड नॉट कम'. चौथ्यात 'कुड हॅव टोल्ड', कारण तिने सांगितलेले नाही. अनेकांची गाडी दुसऱ्या वाक्यापाशी अडते. त्यांनी स्वतःला एवढेच विचारावे : एस.टी. मिळाली होती ना? मिळाली असेल, तर 'कुड' खोडावा.