तापलेला स्लॅब आणि रात्रीची झोप

गेल्या मे महिन्यात सत्तरीच्या एक आजीबाई दवाखान्यात आल्या. डोके जड, पायांत गोळे, भूक नाही, लघवी पिवळी, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. "मी तर उन्हात पाऊलही टाकत नाही हो," असे त्यांचे म्हणणे. ते खरेच होते. रक्तदाब तपासला, चालू गोळ्या पाहिल्या आणि शेवटी विचारले, "आजी, झोपता कुठे?" उत्तर आले, "वरच्या खोलीत. पोराने नवा स्लॅब टाकलाय ना!" दुखण्याचे मूळ तिथेच होते.

ऊन फक्त रस्त्यावर किंवा शेतात लागते, असा आपला समज आहे. पण घरातल्या घरातही उष्णतेचा त्रास होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात एरवीच्या तुलनेत १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. म्हणजे छप्पर हा आरोग्याचाच विषय आहे.

स्लॅब रात्री का तापतो?

दुपारच्या उन्हात उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या घरात जातो. चार-पाच इंच जाडीच्या काँक्रीटमधून ही उष्णता खाली उतरायला काही तास लागतात. म्हणून दुपारपेक्षा संध्याकाळी छत जास्त धगधगते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता खोलीत सोडत राहते. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो.

आपल्या शरीराचे आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते राखण्यासाठी दिवसभर घाम गाळावा लागतो, हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावे लागते. रात्रीच्या गारव्यात शरीराला विसावा मिळतो. तो सलग चार-पाच रात्री मिळाला नाही, तर वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयाचे, मूत्रपिंडाचे वा मधुमेहाचे रुग्ण आधी खचतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे. मात्र गोळ्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

जुन्या घरांचे शहाणपण

मराठवाड्यातील माळवद आणि खानदेश-विदर्भातील धाब्याची घरे आठवा. लाकडी तुळया, त्यावर किलच आणि वर मातीचा जाड थर. उष्णता आत उतरेपर्यंत दिवस मावळायचा. आपण माळवद पाडून स्लॅब टाकला, गळती थांबवली. पण मातीची जाडी गेली, तिच्या जागी काही आले नाही. ते परत आणायचे, एवढेच काम आहे.

उपाय कोणते?

पहिला, बिनखर्चाचा. घरातील वृद्धांचे व बाळंतिणीचे अंथरूण उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरून खाली आणा. संध्याकाळी बाहेर गारवा आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कूलर लावल्यास एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा साठतो आणि घाम वाळत नाही.

दुसरा, थोड्या खर्चाचा. गच्ची झाडून-धुऊन चिकटद्रव्य मिसळलेल्या चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवून लावतो, त्यामुळे स्लॅब मुळातच कमी तापतो. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास हे काम करावे. कळीचा चुना भिजवताना उकळतो. मुलांना दूर ठेवा. डोळ्यांत उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

तिसरा, कायमचा. स्लॅबच्या वर उष्णतारोधक थर द्या. काँक्रीटमधून जेवढी उष्णता जाते, त्याच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाएवढीच तेवढ्याच जाडीच्या थर्माकोलमधून जाते. गच्चीसाठी मिळणारी दाट, कडक पत्री साधारण दोन इंच जाडीची घ्यावी. आधी गळती बंद करून जलरोधक थर, त्यावर ही पत्री, त्यावर उतार राखून कोबा आणि शेवटी पांढऱ्या फरशा, असा क्रम असतो. काही ठिकाणी मडकी पालथी मांडून त्यावर कोबा करतात; मडक्यांतील कोंडलेली हवा उष्णता अडवते.

हा थर खालून छताला लावण्यापेक्षा वरून दिलेला बरा. खालून लावला तर स्लॅब तापतच राहतो, आकुंचन-प्रसरणाने त्याला तडे जातात. शिवाय उघडा थर्माकोल चटकन पेट घेतो; स्वयंपाकघरात तर तो नकोच.

दोन सावधगिऱ्या

माती, कोबा, कुंड्या यांचे वजन फार असते, आणि भिजल्यावर ते आणखी वाढते. जुना स्लॅब असल्यास इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भार चढवू नका. दुसरे, गच्चीवर पाणी साठवून गारवा आणण्याची सवय सोडा. थोडा वेळ बरे वाटते, पण आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावाला ते परवडत नाही; आणि आठवडाभर साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास तयार होतात. ओल मुरून भिंतींना बुरशी आली, तर दम्याच्या रुग्णांना त्रास होतो तो वेगळाच.

हे लक्षात ठेवा

अंग खूप तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते, तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

आजीबाईंची खाट त्याच संध्याकाळी खालच्या सोप्यात आली. पुढच्या रविवारी मुलाने गच्चीला चुना दिला. पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या स्वतः चालत. रात्रीची झोप परत आली होती. घर बांधताना आपण दरवाजाच्या नक्षीवर खर्च करतो. त्यातला थोडा डोक्यावरच्या स्लॅबसाठी राखून ठेवावा. विजेचे बिल तर कमी होईलच, पण घरातली म्हातारी माणसे उन्हाळा सुखाने काढतील.